यंदा घरातल्या सगळ्यांनी मिळून एक नाटक पाहू या



मागे एका रविवारी वंदना आटोपून विहारातून परतताना आम्ही एका जुन्या स्नेह्यांच्या घरी चहाला थांबलो होतो. हे गृहस्थ गिरणीत बदली कामगार होते. संपानंतर वॉचमनची नोकरी करून त्यांनी संसार ओढला. वहिनी घरी शिवणकाम करतात. धाकटी मुलगी कॉलेजात शिकते. चहाचे कप पुढे ठेवता ठेवता तिने विचारले, "काका, नाटक आपलं नसतं का हो?"

आम्ही चमकलो. विचारपूस केली तेव्हा कळले ते असे. वर्गात बाईंनी प्रत्येकाला आजवर पाहिलेल्या नाटकाचे नाव सांगायला सांगितले. कुणी दोन नावे सांगितली, कुणी चार. हिची पाळी आली तेव्हा हिला एकही नाव सांगता आले नाही. ती गप्प उभी राहिली आणि खाली बसली.

तिच्या वडिलांनी मान खाली घातली. म्हणाले, "भाऊ, तीनशे-चारशे रुपयांचं एक तिकीट. आम्ही चार माणसं. वर जाण्यायेण्याचं भाडं. तेवढ्यात हिची पुस्तकं येतात. आणि तिथं जाऊन पाहायचं काय, तर मोठ्या फ्लॅटमधल्या नवरा-बायकोचं भांडण!"

गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. आपल्या जगण्याची, आपल्या प्रश्नांची नाटके लिहिली गेली आहेत आणि आजही लिहिली जात आहेत. ती आपल्यापर्यंत पोचत नाहीत, आणि आपणही ती शोधायला निघत नाही. त्या मुलीला आम्ही कागदावर काही नावे लिहून दिली. तीच यादी आज थोडी विस्ताराने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

नाटक आपले नाही, असे कोण म्हणतो?

महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले. गर्भार बाईला ग्रहदशेची भीती घालून एक जोशी गरीब कुटुंबाला कसा नागवतो आणि शेवटी ते नवरा-बायको रात्रीच्या शाळेची वाट कशी धरतात, ही त्याची कथा. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. तरीही मराठीतील पहिल्या आधुनिक नाटकांत त्याची गणना करावी लागते. म्हणजे मराठी नाटकाच्या पायाचा एक दगड आपल्या घरचा आहे!

पुढे सत्यशोधकी जलसे आले, मग आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेक कलावंतांनी डफ-ढोलकीच्या तालावर बाबासाहेबांचा विचार चाळीचाळीत, गावागावांत नेला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादला, मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. आपल्या वाडवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण नाटक समजत होते. आज आपण शिकलो. मग नाटकाला पाठ का करावी?

दोन नट आणि घोटभर पाणी

सुरुवात सोप्यापासून करू. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका. रंगमंचावर फक्त दोन नट. पडदे नकोत, महागडे कपडे नकोत, दिव्यांची आरास नको. माणसाला घोटभर पाणी मिळू नये, या एवढ्याशा गोष्टीत हजारो वर्षांची जातव्यवस्था उभी राहते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ही गोष्ट आपली मुले पाठ म्हणतात. पण ती ओंजळ कशासाठी होती, हे अंगावर काटा येऊन कळायचे असेल तर मुलांना ही एकांकिका दाखवा. त्याहून चांगले म्हणजे त्यांच्याकडून ती बसवून घ्या. वस्तीतल्या दोन होतकरू पोरांना महिनाभराची तालीम पुरे होते.

गज्वी यांचेच दुसरे नाटक 'किरवंत'. डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगमंचावर आणले. किरवंत म्हणजे मृताचे क्रियाकर्म करणारा ब्राह्मण. बाकीचे ब्राह्मण त्याला कमी लेखतात, त्याच्याशी सोयरीक करीत नाहीत. काही वाचक विचारतील की, ब्राह्मणाच्या घरातली गोष्ट आम्ही कशाला पाहावी? आम्ही म्हणतो, जरूर पाहावी. जातीचे विष किती खोल भिनले आहे, ते आपल्याच माणसालाही कसे बाटवते, हे या नाटकात दिसते. आपल्या दु:खाचा हिशेब मांडणारा लेखक दुसऱ्याच्या दु:खाकडेही पाहू शकतो, ही करुणेची शिकवण आपल्याला परकी नाही.

तिसरे 'गांधी-आंबेडकर'. गोलमेज परिषद, स्वतंत्र मतदारसंघ, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, हा सगळा इतिहास दोन पुढाऱ्यांच्या आमने-सामने वादातून उभा राहतो, आणि मध्ये एक विदूषक दोघांनाही टोचण्या देत फिरतो. बाबासाहेबांशेजारी विदूषक कसा, असे काहींना वाटेल. पण 'तृतीय रत्न'मध्येही विदूषक आहेच, हे विसरू नये. त्याचे काम थट्टा करण्याचे नसून खरे बोलण्याचे आहे. एक सूचना मात्र करतो. पुणे कराराची माहिती मुलांना आधी घरी सांगा. ती नसेल तर अर्धे नाटक डोक्यावरून जाईल.

घरातला वाद, घरातच

आपल्यापैकी अनेक घरांत आज तीन पिढ्या एकत्र राहतात. आजोबा बाबासाहेबांच्या काळाच्या आठवणी सांगणारे, वडील नोकरीत स्थिरावलेले, मुलगा 'तुम्ही काय केलंत?' म्हणून विचारणारा. प्रा. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक नेमके इथेच बोट ठेवते. त्यातले काका जुने निष्ठावंत कार्यकर्ते आहेत, सतीश हा प्राध्यापक आहे आणि अर्जुन हा संतापलेला तरुण. सतीशची पत्नी हेमा ब्राह्मण घरातली. ही माणसे एका घरात बोलतात, भांडतात आणि कुणीच पूर्णपणे बरोबर किंवा पूर्णपणे चूक ठरत नाही.

नाटकात चर्चा जास्त आहे, ज्यांना घडामोडी हव्यात त्यांना ते थोडे जड वाटेल. पण शिकून वर गेलेल्यांचे समाजाशी नाते काय, हा प्रश्न तेव्हा जेवढा बोचत होता तेवढाच आजही बोचतो. हे नाटक बापलेकांनी शेजारी बसून पाहावे, किंवा एकाने वाचावे आणि दुसऱ्याने ऐकावे.

भीमनगरातले शिवाजी महाराज

२०१२ साली रंगमंचावर आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाने भल्याभल्यांची झोप उडवली. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. तांगडे जालना जिल्ह्यातल्या गावातले, शेतीमातीतले लेखक. नाटकातले बरेच कलावंतही त्याच भागातले.

गंमत अशी की, यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार मात्र पृथ्वीवरच राहून जातात. आता ते विचार शोधायला यमाला परत खाली यावे लागते, आणि हातात महाराजांची पगडी. ही पगडी कुणाच्या डोक्याला बसते, याचा शोध चालू होतो आणि आपण पोट धरधरून हसत असतानाच एकदम गंभीर होतो. महाराजांचे नाव घेऊन माणसामाणसांत भांडणे लावणारे एकीकडे आणि रयतेचा राजा सांगणारे दुसरीकडे, असा सवाल-जवाब रंगतो. शाहिरी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना हे नाटक परके वाटणारच नाही. घरातल्या लहानापासून थोरापर्यंत सर्वांनी मिळून पाहण्यासारखे.

याच तांगडे यांच्या जांबसमर्थ गावातल्या माणसांना घेऊन अतुल पेठे यांनी मकरंद साठे यांचे 'दलपतसिंग येती गावा' हे नाटक केले होते. राजस्थानातल्या कष्टकऱ्यांनी माहितीच्या अधिकारासाठी दिलेल्या लढ्याची ती कथा. मस्टरवर खोटी नावे कशी लागतात, मजुरी कुठे जिरते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

झाडू ठेवला आणि तालमीला आले

गो. पु. देशपांडे यांनी १९९२ साली 'सत्यशोधक' हे जोतीराव-सावित्रीबाईंच्या कार्यावरचे नाटक लिहिले. वीस वर्षांनी, २०१२ साली, अतुल पेठे यांनी ते पुन्हा उभे केले. या वेळी नट कोण होते? पुणे महानगरपालिकेतले सफाई कामगार! पहाटे रस्ते झाडायचे, कचरा उचलायचा आणि मग तालमीला यायचे. जोतीरावांचे शब्द त्यांच्या तोंडून आले तेव्हा ते पाठ केलेले वाटले नाहीत. ज्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंवर शेणमाती फेकली गेली, त्याच पुण्याची घाण उचलणारी माणसे त्यांची गोष्ट सांगू लागली. यापेक्षा मोठा मान दुसरा कुठला असेल?

सफाई कामगारांवरून आठवले. नागपूरच्या बहुजन रंगभूमीचे वीरेंद्र गणवीर यांचे 'गटार' हे नाटक. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाचे जगणे आणि मरणे त्यात आहे. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली आला, त्याहून कडक कायदा २०१३ साली आला. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरीही माणसे गटारात गुदमरून मरतच आहेत. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते आणि विसरली जाते. नाटक ती विसरू देत नाही. लहान मुलांना नेऊ नका, मोठ्यांनी मात्र जरूर पाहावे. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई आजही या कामावर असेल, तर भरपाईचा हा आदेश त्याच्या घरी माहीत असू द्या.

खास भगिनींसाठी

सुषमा देशपांडे यांचा 'व्हय मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग १९८९ पासून गावोगाव होत आला आहे. पुढच्या पिढीतल्या अभिनेत्रींनीही तो हाती घेतला. एक बाई उभी राहते आणि आपल्याशी बोलू लागते. शाळेच्या वाटेवरचे शेणगोळे, घराबाहेर काढले गेल्याचा दिवस, जोतीरावांची साथ आणि अखेरीस १८९७ ची प्लेगची साथ. सावित्रीबाईंच्या फोटोला आपण हार घालतो. या प्रयोगात फोटोतली बाई हाडामांसाची होऊन आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यासारखी वाटते.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान' या आत्मकथनावरचे नाटकही सुषमा देशपांडे यांनीच उभे केले. आयदान म्हणजे बांबूच्या सुपा-टोपल्या. रत्नागिरीकडच्या गावात लेखिकेची आई त्या विणून मुलांची पोटे भरत असे. आईचे विणणे आणि लेकीचे लिहिणे यांचा धागा एकच, हे या नाटकात उमगते. त्यात आणखीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्या पुरुषांनी ऐकायला हवी. समतेच्या सभेत भाषण करणारा नवरा घरी आल्यावर बायकोच्या लिहिण्याला काय म्हणतो? म्हणून आमची सूचना अशी की, भगिनींनी हे नाटक एकट्याने पाहू नये, नवऱ्याला सोबत न्यावे!

गावाकडे ज्यांचे माहेर आहे त्यांनी नाशिकचे दत्ता पाटील यांचे 'हंडाभर चांदण्या' पाहावे. दिग्दर्शन सचिन शिंदे यांचे. पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावाची ही गोष्ट. डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चाललेल्या बाईला यातले हसू कुठून येते आणि रडू कुठून, हे सांगावे लागणार नाही.

गिरणीची शिट्टी

आता पुन्हा आमच्या त्या स्नेह्यांच्या घरी येऊ. त्या मुलीला आम्ही नुसती यादी दिली नाही, एक पुस्तकही दिले. जयंत पवार यांचे 'अधांतर'. १९९७ सालचे नाटक. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही. 'अधांतर'मध्ये त्यानंतरचे लालबागच्या चाळीतले एक घर आहे. एक मुलगा लेखक व्हायला निघालेला, एक टोळीत गेलेला, आणि हे सगळे एका खोलीत सांभाळू पाहणारी आई. पुढे यावरूनच 'लालबाग परळ' हा चित्रपट २०१० साली निघाला. जयंत पवार २०२१ साली गेले. पण त्यांनी त्या खोलीचे दार आपल्यासाठी उघडे ठेवले आहे.

मुलीने ते नाटक घरी मोठ्याने वाचायला घेतले. वहिनी मशीनवर बसून ऐकत. पहिल्या रात्री वडील टीव्हीसमोरून उठले नाहीत. दुसऱ्या रात्री त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तिसऱ्या रात्री टीव्ही लावलाच नाही.

वाचन संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग आपणहून बोलू लागले. संपाच्या दुसऱ्या वर्षी वहिनींचे डोरले कुठे गहाण पडले, गावी भावाकडे ज्वारी मागायला जाताना कशी लाज वाटली, बरोबरीचा एक दोस्त दारूत कसा संपला. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत." ते म्हणाले, "कुणी विचारलंच नाही गं. आणि सांगायचं म्हणजे हरल्याची गोष्ट सांगायची. ती लेकरांना काय सांगायची?"

हे सगळे त्या मुलीने आम्हांला सांगितले. सांगताना ती रडत नव्हती. ती म्हणाली, "काका, आता बाईंनी विचारलं तर मी नाटकाचं नाव सांगीन, आणि पप्पांची गोष्ट पण सांगीन."

भगिनी-बंधूंनो, नाटकाने त्या घरात पैसा आणला नाही, नोकरी आणली नाही. पण चाळीस वर्षे छातीत कोंडलेली एक गोष्ट बापाने लेकीपुढे मोकळी केली. हे काही थोडे नाही.

परवडणार कसे?

आता राहिला खर्चाचा प्रश्न. त्यावर आम्हांला सुचलेले उपाय असे.

पहिला उपाय वाचनाचा. वर दिलेल्यांपैकी 'किरवंत', 'वाटा-पळवाटा', 'अधांतर' अशी नाटके पुस्तकरूपाने आहेत. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात मागा. नसतील तर मागणी नोंदवा. मागणी नोंदवली नाही तर पुस्तक येणार कसे? रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसून पात्रे वाटून घ्यावीत आणि वाचन करावे. याला एक पैसाही लागत नाही.

दुसरा उपाय राज्य नाट्य स्पर्धेचा. सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे ही स्पर्धा निरनिराळ्या जिल्ह्यांच्या केंद्रांवर होते. तिकीट अगदी नाममात्र असते. नव्या लेखकांची नवी नाटके, त्यांत आपल्या समाजातल्या पोरांचीही, सर्वांत आधी इथेच दिसतात. बालनाट्यांची स्पर्धा वेगळी होते. आपल्या शहरात केंद्र आहे का, याची चौकशी करा.

तिसरा उपाय मंडळांचा, आणि इथे आम्ही थोडे स्पष्ट बोलणार आहोत. १४ एप्रिलला आपण वर्गणी काढतो. त्यातला मोठा वाटा डीजेला जातो. रात्रभर भिंती हादरतात, आजारी माणसे आणि तान्ही मुले हैराण होतात आणि सकाळी हाती काय उरते? त्याच वर्गणीतला काही भाग बाजूला काढला तर वस्तीत एका एकपात्री प्रयोगाला किंवा एकांकिकेला बोलावता येईल. मिरवणूक निघू द्या, निळा गुलाल उधळू द्या, पण वर्षातली एक संध्याकाळ नाटकासाठी ठेवा.

आणखी एक. नाटक हे दुधासारखे असते, तापवत ठेवले नाही तर नासते. प्रेक्षक आले नाहीत की प्रयोग थांबतात, नट पोटापाण्याला लागतात, लेखक लिहायचे सोडतो. वर सांगितलेली सगळीच नाटके या घटकेला कुठे ना कुठे चालू असतील असे नाही. म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर नजर ठेवा, चालू असेल ते पाहा, बंद असेल ते वाचा, आणि जमल्यास आपल्या पोरांकडून उभे करा. आपली माणसे खुर्चीत बसलेली दिसली तरच आपली माणसे रंगमंचावर उभी राहतील.

यंदा एक तरी नाटक घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावे किंवा वाचावे, एवढीच आमची विनंती. नंतर घरात काय बोलणे झाले, ते दोन ओळींत आम्हांला जरूर कळवा.

जयभीम!